एक्स्पोर्टचा माल

फेब्रुवारी उजाडला की पुणे, मुंबई, नाशिक, कुठल्याही चौकात द्राक्षाची हातगाडी उभी राहते. गाडीवाला घड उचलून दाखवतो आणि म्हणतो, "घ्या ताई, एक्स्पोर्टचा माल आहे." तेवढ्या बोलण्यावर किलोमागे वीस रुपये जास्त मागितले जातात आणि आपण ते देतोही. घरी येऊन द्राक्षं धुताना मनात प्रश्न येतात. चांगला माल सगळा परदेशात जातो का? तिकडे भाव चांगला मिळत असेल तर द्राक्षवाल्या शेतकऱ्याच्या डोक्यावर कर्ज का असतं? आणि दोन-तीन एकरांचा धनी युरोपातल्या दुकानापर्यंत पोचतो तरी कसा?

या प्रश्नांची उत्तरं शोधण्यासाठी आपण एका घडाबरोबर चालायचं आहे. घड नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यातला आणि जायचं आहे नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम बंदरात.

१. किती माल बाहेर जातो?

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ. २०२३-२४ या वर्षात भारतातून सुमारे ३ लाख ४४ हजार टन ताजी द्राक्षं निर्यात झाली. त्यांची किंमत सुमारे ३,४६० कोटी रुपये होती. हा माल जवळपास सगळा महाराष्ट्राचा आणि त्यातला सिंहाचा वाटा नाशिकचा. तरीही देशात पिकणाऱ्या एकूण द्राक्षांत निर्यातीचा हिस्सा दहा टक्क्यांच्या आतबाहेरच आहे. बाकीची द्राक्षं आपणच खातो आणि सांगली, तासगाव, सोलापूरकडची बरीचशी बेदाण्याला जातात. चांगला माल सगळा बाहेर जातो, हा समज त्यामुळे खरा नाही.

आता एक सोपा भागाकार करू. ३ लाख ४४ हजार टन म्हणजे ३४ कोटी ४० लाख किलो. ३,४६० कोटी रुपयांना त्याने भागलं की किलोला साधारण १०० रुपये येतात. पण हे शंभर रुपये बंदरावरचे, माल देशाबाहेर पडतानाचे आहेत. त्यातून पॅकिंग, थंड करणं, वाहतूक, कागदपत्रं आणि निर्यातदाराचा नफा वजा जातो. उरेल ते बागायतदाराला मिळतं. त्याला अजून मजुरी, औषधं, खतं आणि बँकेचा हप्ता भागवायचा असतो.

२. जगाच्या वेळापत्रकातली फट

युरोपातल्या माणसाला द्राक्षं बारा महिने लागतात. उन्हाळ्यापासून शरदापर्यंत इटली, स्पेन, ग्रीस ती पुरवतात. तिकडे थंडी पडली की दक्षिण गोलार्धाची पाळी येते. पेरू, दक्षिण आफ्रिका, चिली असा तो क्रम लागतो. आपला माल या रांगेत साधारण जानेवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत शिरतो. तेवढी फट आपल्या वाट्याला आलेली आहे. दक्षिण आफ्रिकेचं पीक लांबलं किंवा चिलीचा माल लवकर आला, की नाशिकचा भाव हलतो.

ही वेळ साधते ती छाटणीमुळे. थंड देशांत द्राक्षवेल हिवाळ्यात पानं गाळून झोपी जाते आणि वसंतात जागी होते. नाशिकची थंडी तिला झोपवण्याइतकी कडक नसते. म्हणून आपला शेतकरी वेल वर्षातून दोनदा छाटतो आणि पीक एकदाच घेतो. एप्रिलमधली ती खरड छाटणी. तिच्यानंतर नव्या काड्या येतात आणि त्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या हंगामाचे घड तयार होऊ लागतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या या कामाला बागायतदार सूक्ष्म घडनिर्मिती म्हणतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमधली दुसरी, ती गोडी छाटणी. तिच्यानंतर आत दडलेले घड बाहेर पडतात आणि चार-साडेचार महिन्यांत काढणीला येतात.

गोडी छाटणीची तारीख ठरवणं म्हणजे लग्नाचा मुहूर्त काढण्यासारखं आहे. लवकर छाटलं तर परतीच्या पावसात फुलोरा सापडतो. उशीर केला तर माल बाजारात येईपर्यंत गर्दी झालेली असते. सटाणा, देवळा, कळवण भागातले शेतकरी जून ते ऑगस्टमध्येच छाटणी करून डिसेंबरच्या चढ्या भावावर डाव लावतात. ऐन पावसाळ्यात कोवळी बाग सांभाळायची तयारी असेल त्यानेच हे धाडस करावं.

३. घड घडवावा लागतो

वेलीला स्वभावावर सोडलं तर ती खूप घड देईल. ते लहान, गच्च आणि आंबट असतील. निर्यातीचा घड त्यामुळे अक्षरशः हाताने घडवला जातो.

छाटणीनंतर डोळे एकसारखे फुटावेत म्हणून काडीवर हायड्रोजन सायनामाइडचं पेस्टिंग होतं. नको असलेली फेलफूट काढली जाते. मणी लांब आणि मोठे व्हावेत म्हणून घड जिबरेलिक अ‍ॅसिडच्या, बागेतल्या भाषेत 'जीए'च्या, द्रावणात बुडवतात. याला डिपिंग म्हणतात. मग येते विरळणी.

विरळणी जवळून पाहिली की या पिकाचं मोल कळतं. पेठ, सुरगाणा या आदिवासी तालुक्यांतून मजुरांच्या टोळ्या येतात. काम बहुधा उक्त्या दराने ठरतं. मांडवाखाली बाई मान वर करून उभी असते. समोर घड लोंबत असतो आणि त्यातले मणी जेमतेम ज्वारीच्या दाण्याएवढे असतात. डाव्या हाताने ती देठ धरते आणि उजव्या हातातल्या छोट्या कात्रीने आतल्या बारीक फांद्या कापत जाते. हिरवे दाणे पायाशी टपटपतात. निम्म्याहून जास्त मणी काढून टाकले तरी तिचा हात थांबत नाही. आज रिकामी दिसणारी जागा दोन महिन्यांनी फुगलेल्या मण्यांनी भरणार आहे, हे तिला ठाऊक असतं. घड गच्च राहिला तर आतले मणी दबून फुटतील, एक मणी सडला की शेजारचे सडतील. समोर दिसणाऱ्या घडात पुढचा घड पाहण्याची ही नजर आहे. एका एकरात असे हजारो घड असतात आणि प्रत्येकाला हात लागतो.

पुढे मणी मोजले जातात. प्लास्टिकच्या पट्टीला १६, १८, २० मिलिमीटरची भोकं असतात. मणी १८ च्या भोकातून सहज निघून गेला तर तो मोठ्या मालात बसत नाही. जानेवारीत रात्री कडक थंडी आणि दिवसा ऊन असलं, की हिरवे मणी गुलाबी पडू लागतात. चवीला ते चांगलेच असतात, पण खरेदीदाराला हिरवा माल हवा असतो. म्हणून मण्यांत पाणी उतरायच्या आधी एकेक घड रद्दी वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळतात. त्या दिवसांत बागेत शिरलात तर मांडवाखाली मराठी बातम्यांची हजारो पुडकी लोंबताना दिसतात.

४. आंबा आढीत पिकतो, द्राक्ष पिकत नाही

आंबा कैरी असताना उतरवला आणि आढीत घातला तर पिकतो. केळ्याचंही तसंच. द्राक्षाचं तसं नाही. वेलीवरून तोडल्या क्षणी जेवढी गोडी असेल तेवढीच शेवटपर्यंत राहते. तोडलेलं आंबट द्राक्ष महिनाभर ठेवलं तरी आंबटच लागतं.

म्हणून काढणीआधी गोडी मोजतात. रिफ्रॅक्टोमीटर नावाच्या छोट्या नळीवजा उपकरणाच्या काचेवर रसाचा थेंब टाकून उजेडाकडे पाहिलं की आकडा दिसतो. त्याला ब्रिक्स म्हणतात. १६ ब्रिक्स म्हणजे शंभर ग्रॅम रसात साधारण सोळा ग्रॅम विरघळलेले पदार्थ आणि त्यातली बहुतेक साखर. निर्यातीला १६ ते १८ च्या आसपास आकडा लागतो. त्याहून कमी असेल तर माल आंबट ठरतो. फार वाट पाहिली तर मणी मऊ पडतो आणि लांबचा प्रवास सोसत नाही.

५. शंभर टनांत एक ग्रॅम

आता या विषयाच्या गाभ्याशी येऊ. फळावर फवारलेल्या औषधाचा थोडा अंश काढणीपर्यंत उरतो. त्याची कमाल मर्यादा प्रत्येक देश ठरवतो. युरोपीय संघात ज्या रसायनासाठी वेगळी मर्यादा ठरलेली नाही त्याला एका किलोत ०.०१ मिलिग्रॅम हा सरसकट नियम लागतो.

हा आकडा डोळ्यांसमोर आणू. ०.०१ मिलिग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचा एक लाखावा भाग. तो एका किलोत चालतो. म्हणजे एक ग्रॅम रसायन एक लाख किलोंत, शंभर टनांत. दहा टनांचे दहा ट्रक द्राक्षं घ्या आणि त्या सगळ्यांवर मिळून चिमूटभर औषध पसरा. मर्यादा तिथे आहे. प्रयोगशाळेतली यंत्रं ती चिमूट शोधून काढतात.

मग फवारणी करायचीच नाही का? द्राक्षावर डाऊनी आणि भुरी हे दोन बुरशीजन्य रोग असे आहेत की फवारणीवाचून बाग हातची जाते. उत्तर वेळेत आहे. प्रत्येक औषध ऊन, पाणी आणि वेलीच्या वाढीने हळूहळू विरतं. समजा, एखाद्या औषधाचा अंश दर दहा दिवसांनी निम्मा होतो. फवारणीनंतर तो ०.८ मिलिग्रॅम आहे आणि मर्यादा ०.१ आहे. दहा दिवसांनी ०.४, वीस दिवसांनी ०.२, तीस दिवसांनी ०.१. म्हणजे काढणीआधी किमान तीस दिवस ते औषध बंद. याला काढणीपूर्व कालावधी म्हणतात. पंचविसाव्या दिवशी व्यापारी दारात आला, भाव चांगला बोलला आणि माल तोडला, तर त्या पाच दिवसांची किंमत पुढे कंटेनरभर मालाला मोजावी लागते.

लहान शेताची एक वेगळी अडचण आहे आणि ती बांधाची आहे. एक एकराचा चौकोनी तुकडा घेतला तर त्याची बाजू सुमारे ६४ मीटर आणि चारही बांध मिळून सुमारे २५५ मीटर भरतात. सोळा एकरांच्या चौकोनाचे बांध सुमारे १,०२० मीटर होतात, म्हणजे एकरी फक्त ६४. एक एकरवाल्याला एकरामागे चौपट बांध राखावा लागतो. पलीकडच्या टोमॅटोवर किंवा कांद्यावर मारलेलं औषध वाऱ्याबरोबर याच्या घडांवर येतं. त्याने स्वतः सगळे नियम पाळलेले असतात आणि नमुना तरी नापास होतो.

६. दोन हंगाम, दोन धडे

२००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत मिथोमिल या कीटकनाशकाचा अंश मर्यादेबाहेर सापडला. तोवर तपासणी तुटक होती. कुठल्या बागेचा माल कुठल्या खोक्यात गेला, हे सांगायची सोय नव्हती. एकाचा दोष सगळ्यांच्या माथी बसला. त्यातून अपेडा या केंद्र सरकारच्या निर्यात प्राधिकरणाने उर्वरित अंश तपासणीची योजना आखली आणि २००६ मध्ये ग्रेपनेट ही संगणकीय व्यवस्था सुरू झाली.

२०१० चा धडा जास्त कडू होता. क्लोरमेक्वाट क्लोराइड हे वाढ रोखणारं रसायन आहे. बागायतदार त्याला 'सीसीसी' म्हणतात. खरड छाटणीनंतर शेंड्याची वाढ थांबावी आणि काडीत घड धरावा म्हणून ते बागांमध्ये वापरलं जात होतं. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतं. युरोपात मात्र ते शोधलं गेलं आणि सापडलं. माल अडकला, नाकारला गेला, भाव कोसळले आणि पैसे थांबले. शेतकऱ्याच्या हातात सगळ्या तपासण्या पास झाल्याचे कागद होते. ज्याची तपासणीच झाली नाही त्याची शिक्षा त्याने भोगली. कित्येक घरांत त्या एका हंगामाचं कर्ज पुढे अनेक वर्षं फिटत राहिलं.

या दोन प्रसंगांत निर्यातीचं मर्म आहे. द्राक्ष नाशिकहून जातं, पण खरेदीदार पैसे मोजतो ते भरवशासाठी. हा माल कुठून आला, त्यावर काय फवारलं आणि कधी, याचा पुरावा घडाबरोबर जावा लागतो. पुरावा नसेल तर उत्तम घडही बाजारात मुका ठरतो.

७. घडाच्या मागे चालणारी फाइल

हा पुरावा कसा तयार होतो? हंगामाच्या सुरुवातीला शेतकरी कृषी विभागाकडे प्लॉटची नोंदणी करतो आणि त्याला एक क्रमांक मिळतो. फवारणीची वही ठेवली जाते. तारीख, औषध, मात्रा आणि कारण तिच्यात लिहावं लागतं. काढणी जवळ आली की मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. शेतकऱ्याने निवडून दिलेले घड चालत नाहीत. नमुना सीलबंद होऊन प्रयोगशाळेत जातो. या साऱ्या प्रयोगशाळांवर पुण्याजवळ मांजरी इथल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातल्या प्रयोगशाळेची देखरेख असते. नमुना नापास झाला तर तो प्लॉट संगणकीय व्यवस्थेत थांबवला जातो. काही दिवस थांबून पुन्हा नमुना देता येतो, पण तोवर घड पुढे गेलेले असतात आणि बाजारातली फट मिटत आलेली असते.

नमुना पास झाला की माल पॅकहाउसमध्ये येतो. तिथून ॲगमार्कचं प्रमाणपत्र आणि रोग-कीड नसल्याचा दाखला मिळतो. प्रत्येक खोक्यावरच्या क्रमांकावरून तो माल कुठल्या प्लॉटचा, हे मागे जाऊन काढता येतं. आगगाडीच्या मालडब्याला जशी पावती चिकटलेली असते, तसा प्लॉटचा क्रमांक घडाला चिकटलेला असतो. याशिवाय युरोपातल्या बहुतेक मोठ्या दुकानांना ग्लोबलगॅप या खासगी मानकाचं प्रमाणपत्र लागतं. त्यात फवारणीच्या जोडीला मजुरांसाठी हात धुण्याची सोय, औषधांची कुलूपबंद खोली, रिकाम्या बाटल्यांची विल्हेवाट, एवढं सगळं तपासतात.

८. थंडीची साखळी

काढणी पहाटे सुरू होते, मणी रात्रीचा गार असतो तोवर. घड देठाला धरूनच उचलायचा, मण्याला बोट लागू द्यायचं नाही. मण्यावर पांढरट भुकटीसारखा मेणाचा नैसर्गिक थर असतो. बोट लागलं की तो पुसला जातो आणि मणी शिळा दिसतो. आपण मात्र त्या थरालाच औषध समजून घासत बसतो.

पॅकहाउसमध्ये घड साफ होऊन पाचशे ग्रॅमच्या डब्यांत भरले जातात. नंतर जोरात थंड हवा सोडून काही तासांत मण्याचं तापमान झपाट्याने खाली आणतात. याला प्रीकूलिंग म्हणतात. पुढे कंटेनरमध्ये तापमान शून्य ते एक अंशाच्या आसपास राखतात. खोक्यात एक खास कागद घालतात. त्यातून सल्फर डायऑक्साइड वायू सावकाश सुटतो आणि बुरशीला रोखतो. असे बारा-तेरा टन घेऊन कंटेनर न्हावा शेवा बंदरातून निघतो आणि सुएझमार्गे गेला तर साधारण तीन-चार आठवड्यांत युरोप गाठतो. २०२३ च्या अखेरीस तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. प्रवास दोन आठवड्यांच्या घरात लांबला, भाडं वाढलं. येमेनच्या किनाऱ्यावरच्या लढाईचा हिशेब दिंडोरीच्या पावतीत उतरला.

खोकं उघडल्यावर तिकडचा माणूस आधी देठ पाहतो. देठ हिरवा असेल तर माल ताजा. देठ वाळून तपकिरी झाला असेल तर गोडी कितीही असो, भाव उतरतो.

९. पैशांचा हिशेब

सोयीसाठी गोल आकडे घेऊ. समजा, एका एकरात ९ टन माल आला आणि सौदा ८० रुपयांनी ठरला. निवड झाल्यावर ७ टन निर्यातीला बसले. त्याचे ५ लाख ६० हजार झाले. उरलेले २ टन स्थानिक बाजारात ३० रुपयांनी गेले, ते ६० हजार. एकूण ६ लाख २० हजार. बागेचा खर्च ४ लाख धरला तर हातात २ लाख २० हजार राहिले.

आता यातली एकच गोष्ट बदलू. नमुना नापास झाला. सगळा ९ टन माल ३० रुपयांनी विकावा लागला, म्हणजे २ लाख ७० हजार आले. खर्च तोच राहिला आणि १ लाख ३० हजारांचा तोटा झाला. मांडवाखालची मेहनत दोन्ही वेळा सारखीच होती. कर्ज कुठून येतं, या प्रश्नाचं उत्तर या दोन परिच्छेदांमधल्या साडेतीन लाखांत आहे.

दुसरी गोष्ट सौद्याच्या प्रकाराची. काही वेळा भाव आधीच पक्का होतो. काही वेळा माल विक्रीसाठी पाठवला जातो आणि तिकडे जो भाव येईल त्यातून खर्च वजा करून उरलेलं मिळतं. ही आपल्या ओळखीची आडत आहे, फक्त आडत्या सात समुद्रांपलीकडे बसलेला. लासलगावच्या किंवा पिंपळगावच्या बाजारात शेतकरी लिलावाशेजारी उभा राहू शकतो. रॉटरडॅमच्या गोदामात "देठ वाळले होते" असं कुणी म्हटलं, तर ते पडताळायला तो जाणार कसा?

तिसरी गोष्ट कागदपत्रांच्या खर्चाची. समजा, प्रमाणपत्र आणि नोंदींचा वर्षाचा खर्च ६० हजार आहे. बाग एक एकर असो की वीस एकर, हा खर्च फारसा बदलत नाही. ७ टन पाठवणाऱ्या एक एकरवाल्याला तो किलोमागे साडेआठ रुपये पडतो. १४० टन पाठवणाऱ्या वीस एकरवाल्याला ४३ पैसे पडतो. भरवसा विकत घेण्याची किंमत लहान शेतकऱ्याला वीसपट आहे. फळ दोघांचंही तितकंच गोड असतं.

१०. चाळीस बांधांची एक बाग

यावरचा उपाय याच गणितात आहे. एकेक एकराचे चाळीस शेतकरी एकत्र आले आणि गटाने एकच प्रमाणपत्र घेतलं, तर ते ६० हजार चाळीस जणांत वाटले जातात. किलोमागे २१-२२ पैसे पडतात. गट चालवायचा खर्च धरून आकडा दुप्पट झाला, तरी तो मोठ्या बागायतदाराच्या बरोबरीला येतो. ग्लोबलगॅपमध्ये गटाने प्रमाणपत्र घ्यायची रीतसर सोय आहे.

महाराष्ट्रात या वाटेला जुनी परंपरा आहे. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ १९६० सालचा. द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांना निर्यातीसाठी एकत्र आणणारी महाग्रेप्स १९९१ मध्ये उभी राहिली. २००२ मध्ये कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन शेतकऱ्यांना उत्पादक कंपनी काढता येऊ लागली. त्याच कायद्याखाली दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीला विलास शिंदे आणि त्यांच्या सहकारी शेतकऱ्यांनी सह्याद्री फार्म्स उभी केली. आज ती देशातल्या आघाडीच्या द्राक्ष निर्यातदारांत गणली जाते. पॅकहाउस शेतकऱ्यांचं स्वतःचं असलं, की देठ हिरवा होता की तपकिरी, हे सांगणारा माणूसही त्यांचाच असतो.

गट चालवणं मात्र सोपं नाही. एकाने रात्री बंदी असलेलं औषध मारलं तर चाळीस जणांचं प्रमाणपत्र धोक्यात येतं. परदेशी खरेदीदाराचा विश्वास मिळवण्याआधी शेजाऱ्याचा विश्वास मिळवावा लागतो. बांधावरून जिथे पिढ्यान् पिढ्या भांडणं चालतात, तिथे शेजाऱ्याला आपली फवारणीची वही दाखवायला मन मोठं लागतं. जे गट टिकले ते या एका गोष्टीवर टिकले.

११. वाण आणि आभाळ

दोन आव्हानं अजून उरतात. पहिलं वाणाचं. आपली निर्यात अजूनही मुख्यतः थॉमसन सीडलेस आणि त्याच्या नात्यातल्या वाणांवर उभी आहे. शेतकऱ्यांच्या नजरेने आपल्याला मोठे वाण दिले आहेत. सांगली जिल्ह्यातल्या बोरगावच्या वसंतराव आर्वे यांनी तास-ए-गणेश निवडला. सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी सोनाका आणि शरद सीडलेस दिले. वेलीची एखादी फांदी वेगळी फळते, ती ओळखायची आणि तिची कलमं वाढवायची, एवढ्यावर हे घडलं. आता जगाला रंगीत, करकरीत, विरळणी कमी लागणारे वाण हवे आहेत. ते बहुतेक परदेशी पैदासकारांच्या मालकीचे आहेत आणि त्यांच्यावर स्वामित्वशुल्क द्यावं लागतं. इथेही एकट्या शेतकऱ्याशी कुणी करार करत नाही, गटाशी करतात.

दुसरं आव्हान आभाळाचं. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड परिसरात अवकाळी पाऊस आणि गारपीट झाली. काही मिनिटांत घड आणि पानं जमिनीवर आली. बागेवर प्लास्टिकचं आच्छादन हा उपाय आहे, पण त्याचा एकरी खर्च काही लाखांत जातो. पीक विमा, अनुदान आणि स्वस्त कर्ज यांची सांगड नीट बसली तरच तो दोन एकरवाल्याच्या आवाक्यात येईल.

१२. पुन्हा हातगाडीपाशी

आता सुरुवातीच्या गाडीवाल्याकडे परत जाऊ. पुढच्या वेळी तो "एक्स्पोर्टचा माल" म्हणाला की आधी देठ पाहा. हिरवा असेल तर घड ताजा आहे. मण्यावरचा पांढरट थर शाबूत असेल तर तो काळजीने हाताळला गेला आहे. एक मणी खाऊन गोडी पाहा. एवढी पारख कुणालाही जमते.

त्या घडावर शेवटची फवारणी कधी झाली, हे मात्र गाडीवाला सांगू शकणार नाही. युरोपातल्या गिऱ्हाइकाने तो प्रश्न विचारला म्हणून नाशिकच्या बागेत वही आली, प्लॉटला क्रमांक मिळाला, नमुना घ्यायला माणूस येऊ लागला. हाच प्रश्न आपणही विचारायला हवा आणि उत्तर मिळालं तर त्याचे दोन रुपये जास्त द्यायला हवेत. द्राक्षांचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक आपणच आहोत. ज्या दिवशी आपण भरवशाला भाव देऊ, त्या दिवशी एक एकराच्या शेतकऱ्याला वर्षाची सगळी मेहनत एकाच कंटेनरवर लावावी लागणार नाही. तिकडे नमुना अडकला, जहाज वळसा घालून गेलं, तरी त्या फवारणीच्या वहीला किंमत देणारा बाजार त्याच्या गावापासून चार तासांवर असेल.